विस्मय : दोष की भूमिका?

‘मार्व्हल’ हे इंग्रजी क्रियापद थक्क होण्यासाठी, नवल करण्यासाठी वापरले जाते. १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यावर फ्रेंच शब्दांचा जो लोंढा इंग्रजीत शिरला, त्यातून ते आले आणि चौदाव्या शतकापर्यंत रुळले. जुन्या फ्रेंचमध्ये ‘मेर्व्हेय’ म्हणजे नवलाची गोष्ट. तिच्यामागे लॅटिनमधले ‘मिराबिलिआ’ हे अनेकवचन आणि त्याच्याही मागे ‘मिरारी’, म्हणजे आश्चर्याने पाहणे, हे क्रियापद आहे. ‘मिरॅकल’ आणि ‘अ‍ॅडमायर’ हे शब्दही याच घरातले. मराठी वाचकाला खरी गंमत वाटावी ती त्याहून मागच्या पायरीवर. ‘मिरारी’ ज्या ‘मिरुस’पासून आले, त्याचा मूळ धातू हसणे, स्मित करणे या अर्थाचा असावा, असे भाषाशास्त्रात सर्वसाधारणपणे मानले जाते. संस्कृतातला ‘स्मि’ तो हाच. ‘स्मित’ त्याच्यापासून झाला आणि ‘वि’ उपसर्ग लागून ‘विस्मय’ही झाला. इंग्रज ‘मार्व्हल’ म्हणतो आणि मराठी माणूस ‘विस्मय’ म्हणतो, तेव्हा दोघे दूरच्या एकाच पूर्वजाचे नाव घेत असतात.

‘अ‍ॅस्टॉनिश’ या दुसऱ्या क्रियापदाची जात वेगळी. त्याचे मूळ लॅटिनमधल्या गडगडाट या अर्थाच्या धातूत आहे. डोक्यावर वीज कडाडल्यावर माणूस जसा सुन्न होतो, ती त्यातली मूळ कल्पना. म्हणजे एका शब्दाच्या मुळाशी हसू आहे, तर दुसऱ्याच्या मुळाशी दणका. विस्मयाची ही दोन्ही अंगे पुढच्या विचारात उपयोगी पडतात.

‘स्मय’ या शब्दाला संस्कृतात आणखी एक अर्थ आहे : गर्व. आचार्य समंतभद्रांनी ‘रत्नकरंडक श्रावकाचारा’त ज्ञान, कुल, जाती, बल वगैरे आठ गोष्टींच्या अहंकाराला ‘स्मय’ म्हटले आहे. एकाच धातूतून गालातले हसू, डोळे विस्फारणारे नवल आणि ओठ मुरडणारा ताठा असे तिन्ही निघावेत, याचे फार आश्चर्य करू नये. तिन्ही चेहऱ्यावर उमटणारे विकार आहेत.

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात विस्मयाला अद्भुत रसाचा स्थायीभाव ठरवले. तो रंगभूमीवर कसा दाखवावा हेही सांगितले : डोळे विस्फारणे, एकटक पाहणे, अंगावर रोमांच, डोळ्यांत पाणी, तोंडातून ‘साधु साधु’. मराठी माणूस तोंडात बोटे घालतो, आ वासतो, चाट पडतो, अवाक् होतो. त्याचेही नवल आधी देहावरच दिसते. पुढे काव्यशास्त्रात ‘चमत्कार’ हा शब्द रसिकाच्या मनातल्या आस्वादासाठी रूढ झाला. चौदाव्या शतकातल्या विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त आपल्या एका पूर्वजाचे मत नोंदवले आहे : सर्व रसांचे सार चमत्कार, म्हणून सर्वत्र एक अद्भुत रसच आहे. मराठीत हा काव्यशास्त्रीय अर्थ मागे पडला आणि चमत्कार म्हणजे देवाने किंवा साधुपुरुषाने केलेली अघटित गोष्ट, हा अर्थ पक्का झाला. मनातला अनुभव बाहेरची घटना झाला. धर्मविचारातला बराचसा गोंधळ या एका सरकण्यातून निघाला आहे.

विस्मय ही ज्ञानाची पायरी की अज्ञानाची खूण, हा प्रश्न पुस्तकात बसून सोडवण्याइतकाच कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात फिरूनही समजून घेता येतो. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर नृसिंहवाडी, कृष्णेच्या काठी खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर आणि गावोगाव दिगंबर जैनांच्या बस्त्या, म्हणजे मंदिरे. या तीन ठिकाणांमागे विस्मयाविषयीच्या तीन निरनिराळ्या धारणा उभ्या आहेत.

चमत्काराची धारणा ‘गुरुचरित्रा’त भेटते. सरस्वती गंगाधरांच्या या ग्रंथात दत्ताचे अवतार मानलेल्या श्रीनृसिंहसरस्वतींचे कृष्णा-पंचगंगा संगमावरचे वास्तव्य सविस्तर आहे. ते तिथे बारा वर्षे राहिले अशी परंपरा आहे. अमरापुरातल्या दरिद्री ब्राह्मणाच्या दारचा घेवड्याचा वेल त्यांनी उपटला आणि त्या जागी खणताना द्रव्याने भरलेला कुंभ सापडला, ही कथा अठराव्या अध्यायातली. खुद्द शिरोळ गावात भोजनपात्र मंदिर आहे. गरीब घरी भिक्षेला आलेल्या स्वामींनी दगडावरच अन्न घेतले आणि त्या दगडावर त्यांच्या बोटांचे ठसे उमटले, अशी तिथली श्रद्धा.

विस्मयाच्या दृष्टीने सर्वांत विचार करायला लावणारी कथा विसाव्या आणि एकविसाव्या अध्यायात आहे आणि तीही शिरोळचीच. तिथल्या गंगाधर नावाच्या ब्राह्मणाच्या बायकोची मुले जन्मताच जात. पूर्वजन्मीचे ऋण बुडवल्यामुळे ब्रह्मराक्षस पाठीशी लागला आहे, असे तिला कळते. संगमावर औदुंबराची सेवा केल्यावर तिला दोन मुलगे होतात, त्यांतला एक वाढून मुंजीच्या वयाला येतो आणि धनुर्वाताने जातो. आई प्रेत सोडायला तयार होत नाही. तेव्हा एक ब्रह्मचारी येऊन तिला समजावतो : देह नाशवंत आहे, अवतारी पुरुषही काळाला चुकवू शकले नाहीत, कोण कोणाचा पुत्र आणि कोण कोणाची माता. हा उपदेश शास्त्रशुद्ध आहे. पण बाई त्याने गप्प होत नाही. देवानेच दिलेला शब्द देवाने मोडला, ही तिची तक्रार. ती प्रेत पोटाशी बांधून औदुंबरापाशी जाते आणि पादुकांवर डोके आपटत गुरूलाच बोल लावते. रात्री स्वप्न पडते. जाग आल्यावर ती प्रेताला हात लावून पाहते तर अंग ऊन लागते.

यानंतर त्या आईला आनंद झाला असे ग्रंथकार लगेच लिहीत नाही. ती भ्याली, प्रेतात भूत शिरले असेल या शंकेने दूर झाली, असे तो लिहितो. मूल भूक लागली म्हणून रडू लागते, मग तिचा पान्हा फुटतो आणि त्यानंतर तिला खात्री पटते. अलौकिकाच्या पहिल्या स्पर्शाला माणूस हसत नाही, हादरतो, हे सरस्वती गंगाधरांनी अचूक टिपले आहे. गडगडाटातून निघालेल्या त्या इंग्रजी क्रियापदाचा अनुभव तो हाच. आणखी एक गोष्ट या कथेत आहे, ती पारायणात सहज निसटून जाते. वैराग्याचा उपदेश आणि मूल परत मिळण्याचा चमत्कार एकमेकांच्या विरोधात आहेत. मृत्यू अटळ असेल तर मूल उठायला नको. मूल उठणारच असेल तर उपदेशाची गरज नव्हती. ग्रंथकाराने हा विरोध मिटवलेला नाही. दोन्ही शेजारी ठेवून आईच्या हट्टाला जिंकू दिले.

गीतेच्या अकराव्या अध्यायातला अर्जुन याच वाटेने जातो. विश्वरूप पाहून आधी तो विस्मयाने भरतो, रोमांचित होतो, मग भीतीने कापतो आणि शेवटी जुनेच सौम्य रूप दाखवा अशी विनवणी करतो. १९१७ साली जर्मन विचारवंत रुडोल्फ ओटो यांनी पवित्रतेच्या अनुभवावरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला, तेव्हा भय आणि ओढ एकत्र असणाऱ्या या अनुभवासाठी त्यांनी हाच अध्याय उदाहरणादाखल घेतला. ज्ञानेश्वरांनी मात्र १२९० मध्येच, त्या अध्यायाच्या आरंभी, वेगळा रोख दिला होता. शांत रसाच्या घरी अद्भुत पाहुणा म्हणून आला आहे, अशी त्यांची मांडणी आहे. पाहुणा येतो, त्याचा मान होतो, पण घर त्याचे नसते. अद्भुताला एवढा आदर देऊन त्याची जागा इतक्या हळुवारपणे ठरवून देणारे दुसरे वाक्य मराठीत शोधावे लागेल.

ग्रीकांनी विस्मयाला तत्त्वज्ञानाच्या उंबरठ्यावर बसवले. प्लेटोच्या ‘थिएटेटस’ संवादात सॉक्रेटिस म्हणतो, नवल वाटणे हीच तत्त्वचिंतकाची खरी अवस्था, तत्त्वज्ञानाला दुसरा आरंभ नाही. अ‍ॅरिस्टॉटलने हे मान्य केले आणि पुढे एक पाऊल टाकले. त्याकडे सहसा दुर्लक्ष होते. त्याच्या मते विचार विस्मयातून सुरू होत असला, तरी विस्मयात संपता कामा नये. चौरसाची बाजू आणि त्याचा कर्ण या दोहोंना नेमके मोजणारे एक माप असू शकत नाही, हे ऐकून अडाणी माणूस थक्क होतो. भूमितीज्ञ मात्र असे माप असते तर थक्क झाला असता. कारण कळले की नवल संपते किंवा उलटते.

दुसरी धारणा जैनांची. जैन विचाराने हीच गोष्ट टोकापर्यंत नेली. आचार्य कुंदकुंदांनी ‘नियमसारा’च्या आरंभीच आप्ताचे, म्हणजे ज्याच्या वचनावर विसंबावे अशा पुरुषाचे, लक्षण सांगताना त्याच्या ठायी नसणाऱ्या अठरा दोषांची यादी दिली आहे. भूक, तहान, भीती, राग, मोह, चिंता, म्हातारपण, रोग, मृत्यू, घाम, झोप असे दोष तिच्यात आहेत आणि त्यांच्याच रांगेत विस्मयही आहे. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात अर्धमागधी शिकवणारे आ. ने. उपाध्ये यांनी १९३५ मध्ये कुंदकुंदांच्याच ‘प्रवचनसारा’ची विस्तृत प्रस्तावनेसह आवृत्ती काढली. पंचगंगेच्या काठचा हा भाग कुंदकुंदांच्या अभ्यासाशी असा जवळून जोडलेला आहे.

विस्मय दोष कसा, हे पाहायचे तर मराठीतल्या ‘नवल’ या शब्दाचा आधार घ्यावा. त्याचा संबंध ‘नव’शी आहे. जे नवे, अनपेक्षित, त्याचेच नवल वाटते. आता ज्याला केवलज्ञान झाले, त्याला जैन मतानुसार सर्व द्रव्ये आणि त्यांचे भूत, वर्तमान, भविष्य असे सर्व पर्याय, म्हणजे अवस्था, एकाच वेळी स्पष्ट दिसतात. त्याच्यापुढे नवे असे काही येतच नाही. म्हणून केवलीला विस्मय वाटला असे म्हणणे म्हणजे त्याला एखादी गोष्ट आधी ठाऊक नव्हती असे म्हणणे. विस्मय भूक आणि झोपेच्या रांगेत बसवलेला पाहून प्रथम विचित्र वाटते. पण तर्क चोख आहे. भूक जशी पोटातल्या उणिवेची खबर देते, तसे नवल ज्ञानातल्या उणिवेची खबर देते.

समंतभद्रांनी याच्याही पुढचा प्रश्न विचारला. त्यांच्या ‘आप्तमीमांसे’चा आरंभ हा भारतीय धर्मविचारातला एक धीट क्षण आहे. देव दर्शनाला येतात, आकाशातून गमन होते, चवऱ्या ढाळल्या जातात. पण या गोष्टी मायावी लोकांतही दिसतात, म्हणून एवढ्यावरून तू आम्हाला थोर नाहीस, अशा आशयाने ते थेट तीर्थंकरालाच संबोधतात. समवसरणाचे, म्हणजे तीर्थंकरांच्या दिव्य धर्मसभेचे, वैभव जैन परंपरेला अमान्य नाही. तीर्थंकरांचे चौतीस अतिशय, म्हणजे अलौकिक वैशिष्ट्ये, ती मानतेच. समंतभद्रांचे म्हणणे एवढेच, की डोळे दिपणे हा पुरावा नव्हे. ज्याचे वचन युक्तीशी आणि शास्त्राशी विसंगत नाही, तो आप्त. भक्ताने आपल्या दैवतासमोर उभे राहून असा हिशेब मांडावा, यात अश्रद्धा नाही; श्रद्धेला भक्कम जमीन हवी हा आग्रह आहे.

हा आग्रह जैनांपुरता नाही. पतंजलींनी योगसूत्रांत सिद्धींचे वर्णन करून त्याच समाधीतले अडथळे आहेत असे बजावले. चांगदेवाची कथा मराठी घरांत याच कारणासाठी सांगितली जाते : वाघावर बसून आलेला योगी शेवटी एका मुलीकडून, मुक्ताबाईकडून, उपदेश घेतो. गोष्टीत भिंत चालते हे खरे, पण परंपरेने जपले ते ‘चांगदेव पासष्टी’तले ज्ञान. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानेही एक भेद केला आहे. चमत्काराचा देखावा करून पैसे कमावणे किंवा लोकांना फसवणे, धमकावणे हा त्यात गुन्हा आहे. दिवंगत संतांच्या चमत्कारांचे कथन मात्र कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवले आहे. गुरुचरित्राचे पारायण आणि भोंदूचा बाजार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे विधिमंडळाला लिहून ठेवावे लागले. ते योग्यच झाले.

तिसरी धारणा शैवांची. वसुगुप्तांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या ‘शिवसूत्रां’त एक अगदी छोटे सूत्र आहे. योगाच्या भूमिका, म्हणजे टप्पे, कोणते, तर विस्मय, एवढाच त्याचा आशय. अकराव्या शतकातल्या क्षेमराजांनी त्यावर भाष्य करताना म्हटले आहे, की एखादी अपूर्व वस्तू पाहून माणूस जसा थक्क होतो, तसा योगी जाणिवेतल्या प्रत्येक आस्वादात स्वतःच्याच चैतन्याने पुन्हा पुन्हा थक्क होतो. त्यांचे गुरू अभिनवगुप्त यांनी ‘चमत्कार’ हा शब्द याच अर्थाने वापरला : अडथळा नसलेला, तृप्तीवर येऊन न थांबणारा आस्वाद. काश्मीर दूर असले तरी हा विचार मराठीला परका नाही. ज्ञानेश्वरांनी ‘अमृतानुभवा’त शिवसूत्राचा नाव घेऊन उल्लेख केला आहे.

इथे विस्मयाचा विषयच बदलला. जैन यादीतला विस्मय बाहेरून आलेल्या नव्या गोष्टीबद्दल आहे, म्हणून ज्ञान वाढले की तो घटतो. शिवसूत्रातला विस्मय ‘काय दिसले’ याबद्दल नाही, ‘दिसते आहे’ याबद्दल आहे. जाणीव मुळात असावी, ती स्वतःला उजळावी, हे कितीही कळले तरी जुने होत नाही. सगळे ज्ञात झाल्यावरही ‘हे सगळे आहे तरी कसे’ हे उरते. त्याला उत्तर नसते म्हणून नव्हे, तर तो प्रश्नच नाही म्हणून.

खिद्रापूरला या दोन मतांची गाठ एकाच गावात पडते. कोपेश्वराचे मंदिर शिलाहारांच्या काळातले, बाराव्या शतकाच्या सुमाराचे; यादव राजा सिंघण याचा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेखही तिथे आहे. मंदिर काश्मीरच्या शैव मताचे आहे असे कोणी म्हणू नये. पण त्याच्या स्वर्गमंडपात उभे राहिले की शिवसूत्राचा अर्थ सोपा होतो. अठ्ठेचाळीस खांबांच्या या मंडपाच्या मधोमध छत नाही. वर मोठे वर्तुळ मोकळे आहे आणि त्याच्या बरोबर खाली तेवढीच गोल शिळा. त्रिपुरी पौर्णिमेच्या रात्री चंद्र त्या वर्तुळातून दिसतो, तेव्हा गर्दी लोटते. पण शिल्पकाराची खरी करामत चंद्राची नाही. रोज डोक्यावर असणारे, कोणाला नवे नसणारे आकाश त्याने चौकट घालून पुन्हा पाहायला लावले. त्याच गावात, थोड्या अंतरावर, आदिनाथांची जुनी जैन बस्ती आहे आणि तिथे पूजा होते ती ज्याला कशाचाही विस्मय वाटत नाही त्याची.

कारण कळले की विस्मय संपतो, या अ‍ॅरिस्टॉटलच्या मताची कसोटी नृसिंहवाडीत दर पावसाळ्यात लागते. कृष्णेचे पाणी चढत चढत दत्तमंदिरात शिरते, पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते आणि त्या पाण्यात स्नान करण्यासाठी भाविक जमतात. याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. पाणी का चढले हे तिथे शाळकरी पोरही सांगते. घाटमाथ्यावर पाऊस किती, राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले, कोयनेतून विसर्ग किती, राजाराम बंधाऱ्याची पातळी किती फूट, हे पावसाळ्यातले रोजचे बोलणे आहे. कारणांपैकी एकही झाकलेले नाही. तरीही पाणी पादुकांना लागल्याची बातमी आली की गाव उठते. म्हणजे इथला विस्मय अज्ञानावर पोसलेला नाही. या पाण्याचे दुसरे रूपही याच लोकांनी पाहिले आहे : २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत शिरोळ तालुक्यातली गावेच्या गावे पाण्याखाली गेली, घरे पडली, ऊस कुजला, जनावरे दगावली. सोहळ्याचे पाणी आणि नासाडीचे पाणी एकाच नदीचे. भय आणि ओढ एकत्र असण्याचा ओटोंचा सिद्धांत इथल्या माणसाला वेगळा समजवावा लागत नाही.

तेव्हा विस्मय दोन प्रकारचा आहे, असे मानणे भाग पडते. एक माहितीच्या अभावातून येतो आणि माहितीने जातो. दुसरा माहितीबरोबर नांदतो. पहिल्याला दोष म्हणणारे कुंदकुंद आणि दुसऱ्याला भूमिका म्हणणारे शिवसूत्र हे वरवर वाटतात तितके समोरासमोर उभे नाहीत. तरी भेद पूर्ण मिटत नाही. जैन पंडित विचारील : स्वतःच्या चैतन्याने थक्क होणे हाही एक उमाळा आहे आणि उमाळा म्हणजे आधीच्या स्थितीपेक्षा नंतरची स्थिती वेगळी, केवलीच्या अनंत सुखात अशा चढउताराला जागा कुठे? शैव उत्तर देईल : चढउतार नसलेले सुख स्वतःला जाणतच नसेल, तर ते दगडाच्या स्वस्थतेहून निराळे कसे? अभिनवगुप्तांना चमत्कार हवा तो याच कारणासाठी. जाणिवेला स्वतःची चव नसेल तर ती जड होईल.

या वादात जैन बाजूची एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे, नाहीतर तिच्यावर अन्याय होतो. अठरा दोषांची यादी आप्ताची ओळख पटवण्यासाठी आहे. विश्वास कोणावर ठेवावा, हे ती सांगते. श्रावकाने विस्मय टाकून कोरडे व्हावे, असे ती सांगत नाही. नवव्या शतकातल्या जिनसेनांचे ‘आदिपुराण’ समवसरणाच्या वर्णनात श्रोत्याचे डोळे विस्फारण्याची एकही संधी सोडत नाही. ज्याला सर्व ठाऊक नाही, त्याला नवल वाटणे स्वाभाविक आहे आणि शिकण्याची सुरुवातही तिथूनच होते. शैव मताची भर अशी, की ती सुरुवात शिकून झाल्यावरही शिल्लक राहू शकते. केवलीच्या जागी उभे राहून या दोहोंतले कोणते खरे, हे तपासण्याची सोय मात्र केवली नसलेल्यांपाशी नाही.